सर्व्हरवरच्या एरर वाचताना: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचपी, पायथन, नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट), जावा, डॉटनेट यांपैकी काहीही शिकत असाल तरी पहिल्या काही महिन्यांत अडायला होतं ते साधारण याच ठिकाणी. उदाहरणं पीएचपीची जास्त आहेत, कारण सर्व्हरवर चालणारं पहिलं पान बरेच जण त्याच भाषेत लिहितात. बाकी भाषांचं वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

पानावर एरर आली. सगळ्यात आधी काय करायचं?

बोलतंय कोण, ते ओळखायचं. कोड उघडायची घाई नको.

एक साधं पान दिसायलाही चार-पाच जण कामाला लागलेले असतात. पुढे ब्राउझर, मग वेब सर्व्हर म्हणजे अपाचे, एन्जिनएक्स किंवा आयआयएस, त्याच्या मागे तुमची भाषा, भाषेवर बसलेलं फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा; जँगो, फ्लास्क, एक्सप्रेस ही त्यातलीच) आणि सगळ्यात मागे डेटाबेस. यातला कुणीही तक्रार करू शकतो आणि प्रत्येकाची तक्रार करायची तऱ्हा निराळी असते.

साइटशी जोडणीच होत नाही, कनेक्शन नाकारलं, असं ब्राउझरच्याच धाटणीचं पान आलं तर तुमच्या कोडची एकही ओळ चाललेली नाही. सर्व्हर सुरू नाही, पोर्ट चुकलाय किंवा पत्ता चुकलाय. पांढऱ्या पानावर मधोमध मोठा आकडा आणि खाली वेब सर्व्हरचं नाव असेल तर बोलणारा वेब सर्व्हर आहे. संदेशात फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तर भाषा बोलतेय. रंगीत, नीट सजवलेलं, कोडचा तुकडा दाखवणारं पान असेल तर फ्रेमवर्क. आणि एसक्यूएल, टेबल, कॉलम असले शब्द असतील तर डेटाबेसची तक्रार भाषेनं जशीच्या तशी पुढे ढकलली आहे.

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या थरात शोधण्यात. डेटाबेस बंद असताना एचटीएमएल तपासत बसायचं, किंवा फाइल भलत्याच फोल्डरात असताना कोड बदलत राहायचं. बोलणारा कळला की शोधायची जागा एकदम लहान होते.

४०४, ४०३, ५००, ५०२ हे आकडे नक्की काय सांगतात?

चारने सुरू होणारे आकडे म्हणतात की मागणीत गडबड आहे, पाचने सुरू होणारे म्हणतात की मागणी ठीक होती पण सर्व्हरला ती पुरी करता आली नाही.

४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. पण इथेही बोलणारा बघा: वेब सर्व्हरचं ४०४ असेल तर फाइल जागेवर नाही किंवा पत्ते वळवायचे नियम लागू झालेले नाहीत. फ्रेमवर्कचं ४०४ असेल तर मागणी कोडपर्यंत पोहोचली, फक्त त्या पत्त्यासाठी रूट, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जायचा तो नियम, लिहिलेला नाही. ४०३ म्हणजे सापडलं पण द्यायला मनाई आहे. बहुतेकदा फाइलच्या परवानग्या. इथे फोल्डरला ७७७ ही परवानगी देऊन टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊ नका. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ सहसा पुरतं. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुणालाही तुमच्या फाइलवर लिहायची मुभा. ४०५ म्हणजे पत्ता बरोबर, पण मागणी पाठवायची पद्धत चुकली: 'गेट' च्या जागी 'पोस्ट' केलंत किंवा उलट.

५०० हा सगळ्यात मोघम आकडा. आत काहीतरी फुटलं, एवढंच तो सांगतो. खरी माहिती लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर घडेल ते लिहून ठेवतो त्या नोंदींमध्ये, असते.

५०२ आणि ५०४ मात्र मधल्या माणसाची तक्रार आहे. पुढे एन्जिनएक्स आणि मागे तुमचं अ‍ॅप अशी मांडणी असेल, तर मागच्यानं धड उत्तर दिलं नाही की ५०२ आणि ठरल्या वेळेत उत्तरच आलं नाही की ५०४. ५०२ दिसला की आधी अ‍ॅपची प्रोसेस जिवंत आहे का ते बघा.

काहीच दिसत नाही. नुसतं पांढरं पान!

पीएचपीत हे नेहमीचं. एरर आलेली असते, पण ती दाखवू नये अशी सेटिंग असते. 'डिस्प्ले_एरर्स' बंद आणि मध्येच फेटल एरर (काम थांबवणारी), की पान कोरं.

मग लोक फाइलच्या वरच्या बाजूला एरर दाखवण्याच्या दोन ओळी टाकतात, आणि पान तरी कोरंच राहतं. का? चूक व्याकरणाची असेल, म्हणजे पार्स एरर असेल, तर ती फाइल चालायला सुरुवातच होत नाही. मग तिच्याच पहिल्या ओळीत लिहिलेली सेटिंग कशी लागू होणार? सेटिंग 'पीएचपी.आयएनआय' फाइलमध्ये बदला आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. त्याहून सोपं म्हणजे टर्मिनलमध्ये पीएचपीला 'एल' हा पर्याय देऊन फाइल तपासायला सांगा. फाइल न चालवता ती फक्त व्याकरण बघते आणि चुकीची ओळ सांगते.

आणखी एक: पांढरं पान खरंच कोरं आहे का, ते 'व्ह्यू सोर्स' करून बघा. कधी एरर छापलेली असते, पण ती न मिटवलेल्या एखाद्या टॅगच्या आत अडकल्यामुळे दिसत नाही.

लॉग कुठे असतो?

उबुंटू आणि डेबियनवर अपाचेचा लॉग 'व्हार' फोल्डरातल्या 'लॉग' मध्ये 'अपाचे२' नावाखाली असतो. रेड हॅट घराण्यात त्या फोल्डरचं नाव 'एचटीटीपीडी' असतं. एन्जिनएक्सचा त्याच्याच नावाखाली. झॅम्पसारखं (अपाचे, पीएचपी, डेटाबेस एकत्र देणारं) पॅकेज वापरत असाल तर त्याच्या फोल्डरात अपाचेखाली 'लॉग्ज' बघा. शेअर्ड होस्टिंगवर कंट्रोल पॅनलमध्ये एरर लॉगचा दुवा असतो, नाहीतर कोडच्या शेजारीच 'एरर_लॉग' नावाची फाइल तयार झालेली असते. नोड, फ्लास्क, जँगो यांच्या बाबतीत शिकताना लॉग म्हणजे ज्या टर्मिनलमध्ये सर्व्हर सुरू केलात ती खिडकी. ती लपवून ठेवू नका.

लॉग उघडून वरून वाचत बसायचं नसतं. 'टेल' कमांड 'एफ' पर्यायासह चालू ठेवा, ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश करा, त्या क्षणी खाली जी ओळ उगवेल ती तुमची.

ब्राउझरमध्ये माझा पीएचपी कोडच दिसतोय.

फाइलवर डबल क्लिक करून उघडलीत. ॲड्रेस बारमध्ये 'फाइल' ने सुरू होणारा पत्ता असेल तर मध्ये सर्व्हर आलाच नाही, मग कोड चालवणार कोण? 'लोकलहोस्ट' ने सुरू होणारा पत्ता वापरा. तोच वापरूनही कोड दिसत असेल तर वेब सर्व्हरला पीएचपी जोडलेलं नाही, किंवा फाइलचं एक्स्टेन्शन चुकलंय.

एररमध्ये ४२वी ओळ लिहिलीय, पण तिथे काहीच चूक नाही.

ओळ क्रमांक म्हणजे गाडी बंद पडली ती जागा. पेट्रोल कुठपासून गळत होतं ते त्यात लिहिलेलं नसतं.

४१व्या ओळीच्या शेवटी अर्धविराम लिहायचा राहिला तर भाषेला ते ४१व्या ओळीवर कळत नाही. ती वाट बघते, पुढच्या ओळीवर भलताच शब्द येतो आणि मग ती 'अनएक्स्पेक्टेड' म्हणून थांबते. म्हणून व्याकरणाच्या चुकीत सांगितलेल्या ओळीपासून वर वर जायचं. आधी लगेच वरची ओळ, मग न मिटवलेलं अवतरणचिन्ह, मग कंस. फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' आलं तर महिरपी कंस कुठेतरी उघडा राहिलाय. एडिटरमध्ये कंसावर कर्सर ठेवला की जोडीदार उजळतो, त्याचा उपयोग करा. कोड नीट इंडेंट केलेला असेल तर उघडा कंस नुसत्या नजरेनंही सापडतो.

या बाबतीत भाषा सुधारत चालल्या आहेत. पायथन ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून, कंस मिटवायचा राहिला तर 'हा कंस मिटवलाच नाही' असं तो थेट सांगतो आणि उघडलेल्या कंसाकडे बोट दाखवतो. त्याआधी तोही खालच्याच एखाद्या निरपराध ओळीवर खापर फोडायचा.

चालू असताना येणाऱ्या चुकांमध्ये अंतर आणखी वाढतं. ४२व्या ओळीवर व्हेरिएबल रिकामं निघालं, पण ते रिकामं झालं दुसऱ्याच फाइलमध्ये, फॉर्ममधल्या खान्याचं नाव चुकल्यामुळे. अशा वेळी त्या ओळीवरची किंमत छापून बघायची, मग ती जिथून आली तिथली, असं उगमाकडे जात राहायचं. पीएचपीत यासाठी 'एको' पेक्षा 'व्हार_डम्प' वापरा. 'एको' ला नल, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग तिन्ही सारखेच, काहीच न छापण्याजोगे; 'व्हार_डम्प' तिन्ही वेगळे दाखवतो.

नोटिस आणि वॉर्निंग आली तरी पान चालतंय. सोडून देऊ का?

नको. फेटल एररमध्ये काम थांबतं. वॉर्निंगमध्ये काम पुढे चालू राहतं, आणि धोका तिथेच आहे. न भरलेलं व्हेरिएबल रिकामं समजून कोड पुढे जातो, बेरीज चुकते, डेटाबेसमध्ये चुकीची नोंद पडते आणि लक्षात येतं ते बऱ्याच दिवसांनी.

२०२० साली आलेल्या पीएचपी ८ मध्ये 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' ही साधी नोटिस राहिली नाही, ती वॉर्निंग झाली. जुन्या आवृत्तीवर वर्षानुवर्षं गपगुमान चाललेले कोड नव्या सर्व्हरवर नेले की पानभर वॉर्निंग दिसतात, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. चूक आधीही होती.

'डेप्रिकेटेड' ची गोष्ट जरा वेगळी. तो आजच्या चुकीचा संदेश नव्हे, पुढची सूचना आहे: हे फंक्शन पुढच्या एखाद्या आवृत्तीत काढून टाकणार आहेत. शिकत असताना त्यासाठी रात्र जागवायची गरज नाही.

ट्युटोरियलमधला कोड जसाच्या तसा टाकला, तरी 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' येतं.

फंक्शनचं नाव 'मायएसक्यूएल_कनेक्ट' असेल तर ट्युटोरियल जुनं आहे. ती सगळी जुनी फंक्शनं पीएचपी ५.५ मध्ये, २०१३ साली, नापसंत ठरली आणि २०१५ अखेर आलेल्या पीएचपी ७ मध्ये काढून टाकली गेली. त्यांच्या जागी 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' वापरा. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण पॅरामीटरचा क्रमही बदलतो. खरं तर ते ट्युटोरियलच बदला; जो लेख इतका जुना आहे त्यात सुरक्षिततेच्या सवयीही त्याच काळातल्या असणार.

नाव दुसरं काही असेल तर ते फंक्शन ज्या एक्स्टेन्शनमध्ये आहे ते सुरू नाही, किंवा ज्या फाइलमध्ये लिहिलंय ती जोडलेली नाही. पायथनमध्ये 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर बहुधा पॅकेज एका एन्व्हायरन्मेंटमध्ये टाकलंय आणि सर्व्हर दुसऱ्यातून चाललाय.

एरर चाळीस ओळींची आहे. कुठून वाचू?

त्याला स्टॅक ट्रेस म्हणतात: कुणी कुणाला बोलावलं याची साखळी. पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, खरी तक्रार तिथे असते. जावात उलट, तक्रार वर असते. पण खाली 'कॉज्ड बाय' ने सुरू होणाऱ्या ओळी असतील तर त्यातली शेवटची बघायची, मूळ कारण तिच्यात दडलेलं असतं. पीएचपी आणि नोडमध्येही संदेश वर आणि साखळी खाली.

तक्रार कळली की साखळीतून तुमच्या स्वतःच्या फोल्डरातली फाइल शोधा. चाळीसपैकी पस्तीस ओळी फ्रेमवर्कच्या आतल्या असतात. फ्रेमवर्कमध्येच बग सापडला असं पहिल्या वर्षात वाटलं, तर तो तुमच्या कोडमध्ये असण्याची शक्यता फार मोठी आहे.

'नल' आणि 'अनडिफाइन्ड' च्या एरर सारख्या येतात. यांचं करायचं काय?

ही सगळ्या भाषांमधली सर्वात नित्याची एरर. जावात 'नल पॉइंटर एक्सेप्शन', पीएचपीत 'कॉल टू अ मेंबर फंक्शन ऑन नल', नोडमध्ये 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड', पायथनमध्ये 'नन टाइप ऑब्जेक्ट हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट'. चारींचं म्हणणं एकच: जिथे वस्तू असायला हवी होती तिथे काहीच नाही, आणि तुम्ही त्या काहीच नसलेल्याकडून काम करून घ्यायला बघताय.

संदेशात शेवटी एक नाव असतं, ते फसवं आहे. 'अनडिफाइन्ड' चं 'नेम' वाचता येत नाही, असं नोड म्हणालं की लोक 'नेम' शोधायला लागतात. 'नेम' मध्ये दोष नाही. त्याच्या डावीकडे, डॉटच्या आधी जे आहे ते रिकामं आहे. 'युजर.नेम' असेल तर 'युजर' बघायचा. जावात हा त्रास आणखी मोठा होता, कारण एका ओळीत तीन-चार डॉट असले तर नेमकं काय रिकामं ते कळायचंच नाही. २०२० च्या जावा १५ पासून संदेशात ते नावानिशी आपोआप सांगितलं जातं.

मग ते रिकामं का निघालं? सर्व्हरवरच्या पानांत कारणं ठरलेली आहेत. डेटाबेसमध्ये त्या क्रमांकाची नोंदच सापडली नाही. फॉर्ममधल्या खान्याला 'नेम' हा अ‍ॅट्रिब्यूट दिलेला नाही, नुसता 'आयडी' दिलाय. आयडी ब्राउझरपुरता असतो, तो सर्व्हरकडे जात नाही. लॉगिन संपलंय, म्हणून सेशन रिकामं आहे. किंवा, नोडमध्ये विशेषकरून, 'अवेट' लिहायचं राहिलं आणि उत्तर येण्याआधीच ते वापरायला घेतलं.

इथे 'नल असेल तर पुढे जा' असं एक 'इफ' लावून मोकळं व्हायचा मोह होतो. नोंद न सापडणं हा नेहमीचा प्रकार असेल तर 'इफ' लावा आणि वापरकर्त्याला ४०४ द्या. ती नोंद असायलाच हवी होती, अशी परिस्थिती असेल तर मात्र 'इफ' लावून तुम्ही चूक पुढच्या फाइलमध्ये ढकलता.

'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणजे काय?

उत्तर पाठवताना आधी हेडर (उत्तराबद्दलची माहिती) जातात, मग मजकूर. मजकुराचं एक अक्षर जरी बाहेर पडलं तरी हेडरची वेळ संपली. त्यानंतर रिडायरेक्ट करायला किंवा कुकी ठेवायला गेलात की ही एरर येते. पीएचपीचा संदेश दोन जागा सांगतो: एक, तुम्ही हेडर पाठवायला गेलात ती, दुसरी, 'आउटपुट स्टार्टेड अ‍ॅट' नंतरची, जिथून पहिलं अक्षर बाहेर पडलं ती. दुरुस्ती दुसऱ्या जागी करायची असते.

तिथे जाऊन बघितलं तर काहीच दिसत नाही, असंही होतं. पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगआधी एक रिकामी ओळ असते. किंवा शेवटच्या टॅगनंतर रिकाम्या ओळी राहिलेल्या असतात. म्हणून निव्वळ पीएचपीच्या फाइलमध्ये शेवटचा टॅग लिहूच नये, असा रिवाज आहे. किंवा एडिटरनं फाइल 'बॉम'सह सेव्ह केलेली असते. बॉम म्हणजे फाइलच्या तोंडाशी बसलेले तीन अदृश्य बाइट. एडिटरमध्ये 'यूटीएफ-८, बॉमशिवाय' असं निवडून फाइल पुन्हा सेव्ह करा.

तुमच्या मशीनवर ही एरर येत नाही आणि होस्टिंगवर येते, यामागे 'आउटपुट बफरिंग' ची सेटिंग असते. डेव्हलपमेंटच्या तयार सेटिंगमध्ये सुरुवातीचे ४०९६ बाइट राखून ठेवले जातात, म्हणून चूक झाकली जाते.

नोडच्या एक्सप्रेसमध्येही हीच एरर 'कॅनॉट सेट हेडर्स आफ्टर दे आर सेंट' या नावानं येते. तिथे कारण जवळजवळ नेहमी एकच: एकाच मागणीला दोनदा उत्तर दिलंत. 'इफ' मध्ये उत्तर पाठवलं आणि 'रिटर्न' लिहायचं राहिलं.

डेटाबेस जोडला जात नाही.

संदेश नीट वाचला तर कारण त्यातच असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाही. मायएसक्यूएल सुरू आहे का आणि पोर्ट ३३०६ च आहे का ते बघा. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणजे दार सापडलं, किल्ली चुकली. संदेशाच्या शेवटी 'यूझिंग पासवर्ड' पुढे 'नो' असेल तर तुमचा पासवर्ड तिथवर पोहोचलाच नाही, बहुधा सेटिंगची फाइल वाचली गेली नाही. 'अननोन डेटाबेस' म्हणजे लॉगिन झालं, नाव चुकलं.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल तर एक नेहमीचा खड्डा: कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनरच. डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल तर पत्त्याच्या जागी त्या सर्व्हिसचं नाव द्यावं लागतं.

जोडणी झाल्यावर क्वेरीच्या चुका सुरू होतात. मायएसक्यूएलची १०६४ ही व्याकरणाची एरर 'निअर' म्हणून क्वेरीचा तुकडा दाखवते. तो तुकडा जिथे सुरू होतो त्याच्या लगेच आधी चूक शोधा. 'निअर' पुढे काहीच नसेल तर क्वेरी अर्धवट संपली, कंस किंवा अवतरणचिन्ह उघडं राहिलं. टेबलाला 'ऑर्डर' किंवा 'ग्रुप' असं नाव दिलं असेल तर तेच कारण, कारण ते एसक्यूएलचे राखीव शब्द आहेत.

एखाद्याच्या नावात किंवा मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आलं की क्वेरी फुटते, अशी तक्रार असेल तर ती नुसती एरर समजू नका. वापरकर्त्यानं टाइप केलेला मजकूर तुम्ही थेट क्वेरीत चिकटवताय, आणि त्याच भोकातून एसक्यूएल इंजेक्शन होतं, म्हणजे कुणीही स्वतःची क्वेरी घुसवू शकतो. चिन्ह काढून टाकायचा उपाय करू नका. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरी आणि मजकूर वेगवेगळे द्या.

सर्व्हरवर एरर, पण ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' असं येतं. हे काय?

पानावरची जावास्क्रिप्ट सर्व्हरकडून जेसन (माहिती मजकूर म्हणून पाठवायची ठरावीक मांडणी) मागते. सर्व्हरवर काहीतरी फुटतं आणि जेसनऐवजी एचटीएमएलमधलं एररचं पान परत येतं. एचटीएमएलचं पहिलंच अक्षर '<'. जेसन वाचणारा तिथेच ठेचकाळतो. म्हणजे जावास्क्रिप्ट फक्त निरोप देतेय.

डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' टॅब उघडा, ती मागणी निवडा आणि 'रिस्पॉन्स' वाचा. आख्खी एरर तिथे असते. पीएचपीत एक गंमत अशी की डिस्प्ले_एरर्स सुरू असेल तर एरर छापूनही स्टेटस २०० च येतो, म्हणून आकड्यावर विसंबू नका.

माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर चालत नाही.

फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं आधी बघा. विंडोज दोन्ही सारखी मानतं, लिनक्स मानत नाही. त्यानंतर भाषेची आवृत्ती, सुरू नसलेली एक्स्टेन्शनं, न पोहोचलेली सेटिंगची फाइल, आणि लिहायची परवानगी नसलेला अपलोडचा फोल्डर.

जँगोत 'डिबग' बंद केल्यावर ४०० यायला लागलं तर 'अलाउड होस्ट्स' मध्ये तुमचं डोमेन लिहा. त्याच वेळी सीएसएस आणि चित्रं गायब झाली तर तीही अपेक्षित गोष्ट आहे: डिबग बंद असताना जँगोचा शिकाऊ सर्व्हर त्या फाइल देत नाही.

कोड बदलला, पण पान तेच आणि एररही तीच.

फाइलच्या सुरुवातीला मुद्दाम एक व्याकरणाची चूक करा. तरीही पान बदललं नाही, तर तुम्ही भलतीच फाइल बदलताय किंवा सर्व्हर जुनाच कोड धरून बसलाय. नोड आणि पायथनचे सर्व्हर कोड एकदाच वाचतात. ऑटो-रीलोड नसेल तर रीस्टार्ट करावंच लागतं.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं येतात.

दोन्हींत फार फरक आहे.

वर टिंबं आणि टोप्या असलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका. बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त वाचणारा ते चुकीच्या एन्कोडिंगनं (अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीनं) वाचतोय. पानाचं कॅरेक्टर सेट आणि डेटाबेसच्या जोडणीचं कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा.

ओळीनं प्रश्नचिन्हं दिसत असतील तर आधी डेटाबेसमध्ये थेट जाऊन नोंद बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर साठवतानाच देवनागरी अक्षरं न मावणाऱ्या सेटमध्ये बदलली गेली आणि मूळ मजकूर गेला. पुन्हा भरण्यावाचून उपाय नाही.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' निवडा. आवृत्ती ८ पासून तेच मूळ सेटिंग आहे. जुन्या 'यूटीएफ८' मध्ये एका अक्षराला तीनच बाइट मिळत. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे सगळं सुरळीत वाटतं, आणि मग कुणीतरी इमोजी टाकतो. त्याला चार लागतात, आणि नोंद अडते.

याच तीन बाइटांमुळे पीएचपीचं 'स्ट्रलेन' 'मराठी' या शब्दाची लांबी १५ सांगतं. 'एमबी_स्ट्रलेन' ५ सांगतं. 'सबस्ट्र' नं मजकूर कापला तर अक्षर मधोमध तुटू शकतं, आणि असा तुटका मजकूर 'जेसन_एन्कोड' ला दिला तर ते निमूट 'फॉल्स' परत करतं. एपीआयचं उत्तर कोरं येण्यामागचं हे कारण शोधायला फार अवघड, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मोठी फाइल अपलोड केली की फॉर्मच रिकामा येतो.

पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण फॉर्मला ८ एमबी अशी मर्यादा असते. फॉर्मची मर्यादा ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अ‍ॅरे रिकामे मिळतात. पुढे एन्जिनएक्स असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ एमबीची आहे. तिथे अडलं तर ४१३ येतो.

'मेमरी एक्झॉस्टेड' किंवा '३० सेकंद संपले' असं आलं तर मर्यादा वाढवू?

मेमरीच्या संदेशात दिसणारे १३४२१७७२८ बाइट म्हणजे १२८ एमबी. साध्या पानाला एवढी मेमरी लागत असेल तर लूप संपत नाहीये, फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलंय, किंवा पन्नास नोंदी हव्या असताना तुम्ही आख्खं टेबल आणलंय. मर्यादा वाढवणं हा उपाय मोठी चित्रं किंवा मोठ्या फाइल हाताळणाऱ्या पानांसाठी ठेवा.

ट्राय-कॅच लावला की एरर जाते. मग सगळीकडेच लावू?

रिकामा कॅच म्हणजे मी पाहिलेली सर्वात महागडी सवय. एरर जात नाही, दिसायची थांबते. कॅचमध्ये निदान लॉग तरी लिहा. आणि ज्या चुकीचं तुम्हाला पुढे काहीतरी करता येतं तीच पकडा: बाहेरची सेवा बंद होती, पुन्हा प्रयत्न करता येईल, ई-मेल गेला नाही, रांगेत टाकता येईल. व्हेरिएबलचं नाव चुकलंय, त्याला कॅच काय करणार?

नोडमध्ये उलट बाजूची काळजी घ्यावी लागते. न पकडलेलं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराचं आश्वासन) रिजेक्ट झालं तर आवृत्ती १५ पासून आख्खी प्रोसेसच बंद पडते, म्हणजे एका वापरकर्त्याच्या चुकीनं सगळ्यांची साइट. तिथे 'अवेट' भोवती ट्राय-कॅच हवाच.

लाइव्ह साइटवर एरर दाखवायची का?

अजिबात नाही. फोल्डरचे पत्ते, टेबलांची नावं, कधी कधी पासवर्डसुद्धा त्यात येतात. फ्लास्कच्या डिबग पानावर तर ब्राउझरमधूनच पायथन चालवता येतं. तिथे पिन असतो, पण त्याच्या भरवशावर ते उघडं ठेवायचं नसतं. दाखवणं बंद, लॉग सुरू. वापरकर्त्याला साधा माफीचा मजकूर आणि एक संदर्भ क्रमांक द्या. तोच क्रमांक लॉगमध्येही लिहा, म्हणजे त्याचा फोन आल्यावर शोधता येतं.

कुणाला किंवा एआयला विचारताना काय द्यायचं?

संदेश जसाच्या तसा, मजकूर म्हणून, फोटो नको. त्या ओळीच्या आसपासचा कोड. भाषेची आणि फ्रेमवर्कची आवृत्ती. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. पासवर्ड आणि एपीआय की आधी काढून टाका.

एआय एरर ओळखण्यात चांगला आहे, पण तुम्ही दिलेल्या फाइलमध्येच उत्तर आहे असं तो धरून चालतो. चूक दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर तो दिलेल्या फाइलमध्ये निष्कारण बदल सुचवत राहतो. दुसऱ्या उत्तरानंतरही एरर तीच असेल तर थांबा आणि पुन्हा पहिल्या प्रश्नावर या: बोलतंय कोण?

एरर आपोआप गेली. आता?

लॉगमध्ये ती आली होती ती वेळ शोधा आणि त्याच वेळेच्या आसपासच्या बाकीच्या ओळी वाचा. येऊन-जाऊन असणाऱ्या एररमागे बहुतेकदा डेटाबेसच्या जोडण्या संपणं, डिस्क भरणं, ठरावीक वेळी चालणारं क्रॉनचं काम किंवा एखादी विशिष्ट नोंद असते. शेवटची शक्यता तपासायला सोपी आहे: त्या वेळी मागितलेला पूर्ण पत्ता अ‍ॅक्सेस लॉगमधून उचला आणि तोच पुन्हा उघडून बघा.